निकुरे सर आणि थांबलेलं दुखणं

सोमीबाईचं पोट दुखायचं थांबलं, त्या दिवशी आमच्या दवाखान्यात एकाच माणसाचं तोंड उतरलं. ते म्हणजे सोनोग्राफीचे डॉक्टर निकुरे सर. बाकी सगळा वॉर्ड खूश होता. मीही होते, खोटं कशाला बोलू? कालपर्यंत उजव्या बरगडीखाली मूठ दाबून पडलेली बाई उठून बसली होती, केस विंचरत होती आणि जेवायला काय आहे म्हणून विचारत होती. यात वाईट वाटून घेण्यासारखं काय असतं, ते मला तेव्हा कळलं नाही. सरांना कळलं, म्हणून ही बाई जगेल की नाही हा प्रश्न तरी कुणाला पडला. नाहीतर ती हसत हसत घरी जाऊन मेली असती आणि आम्ही म्हटलं असतं, काल तर चांगली होती.

पण आधी सर.

आमचं उपजिल्हा रुग्णालय गडचिरोली जिल्ह्यातलं, जंगलाच्या तोंडाशी. तिथल्या सोनोग्राफीच्या खोलीत मी सिस्टर म्हणून अकरा वर्षं काढली. काम काय, तर लोकांच्या पोटाला जेली लावायची, सरांचं बघून झालं की पुसायची, आणि बाईमाणसाची तपासणी असली की खोलीत हजर राहायचं. माझं माहेर नागभीडचं, आणि तोंडाळ म्हणून लहानपणापासून नाव. सर चिमूरचे, आणि त्यांना बोलायचा कंटाळा. त्यामुळे आमचं जमलं.

अख्ख्या दवाखान्यात एसी एकच. तोही माणसांसाठी नव्हता, मशीनसाठी होता. मशीन तापलं की बिघडतं, माणसं तापली तरी चालतात, असा सरकारचा हिशोब असावा. सरांना थंडी सोसायची नाही, म्हणून ते बारा महिने चॉकलेटी रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर घालायचे. मे महिन्यात आमच्याकडे नळाचं पाणी हाताला चटका देतं. त्या उन्हात हा उंच, किडकिडीत माणूस स्वेटर घालून वॉर्डाच्या व्हरांड्यातून जायचा, आणि नवीन आलेले नातेवाईक म्हणायचे, डॉक्टरलेच ताप आलेला दिसते.

उन्हाळ्यात सगळ्या स्टाफला आमच्या खोलीत काही ना काही काम निघायचं. क्लार्क पेन शोधायला यायचा, औषधवाले भाऊ वेळ विचारायला यायचे. सर कुणाला हाकलायचे नाहीत. ते फक्त म्हणायचे, “आलाच आहात तर झोपा, पोट बघतो.” पाच मिनिटांत खोली रिकामी. एकदा क्लार्क खरंच झोपला आणि त्याच्या मूत्रपिंडात खडा निघाला. तेव्हापासून तो बिचारा उन्हातच बसायचा.

‘नॉर्मल’ हा शब्द सरांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. सगळं ठीक असलं तर म्हणायचे, “आज काही दिसलं नाही.” पेशंट गोंधळायचा. “म्हणजे हाये का नाई सायेब?” सर विचार करून सांगायचे, “दिसलं नाही.” मग मी बाहेर येऊन समजावायची की बाबा, काही नाही तुला, जा घरी, जेव. एकदा वरून साहेब तपासणीला आले आणि त्यांनी विचारलं, आज नॉर्मल किती निघाले? सर म्हणाले, “एकही नाही. न दिसलेले चौदा.” साहेबांनी वहीत काय लिहिलं देव जाणे.

भिंतीवर बोर्ड होता, इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तरी विचारणारा विचारायचाच. एक जण चांगला शर्टपँटवाला होता. बायकोची तपासणी झाल्यावर लाडात येऊन म्हणाला, “सर, पेढे आनू का बर्फी, येवढंच सांगा.” सर उठले, बोर्डासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तो मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कायद्याचं नाव, कलम, शिक्षा, तक्रार कुठे करावी, सगळं. शेवटी खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. मग म्हणाले, “आणखी काही?” तो माणूस बायकोच्या आधी बाहेर पडला.

आता जे सांगते ते महत्त्वाचं. सोनोग्राफीच्या रिपोर्टाखाली एक ओळ असते. सगळीकडे असते, तुम्ही तुमचा जुना रिपोर्ट काढून बघा. इंग्रजीत असते, आणि तिचा अर्थ असा की आम्हाला जे दिसलं ते लिहिलं, आता पेशंटच्या लक्षणांशी तुमचं तुम्ही ताडून बघा. लिहिणारा मोकळा. सर ती ओळ लिहायचे नाहीत. ते स्वतः उठून ताडून बघायला जायचे. दुपारी यादी संपली की स्वेटर खाली ओढायचे, हातात रिपोर्ट घ्यायचे आणि वॉर्डात. खाटेपाशी उभं राहून विचारायचे, “सकाळी दुखत होतं तिथंच दुखतं का?” बस, इतकंच. उत्तर ऐकायचे, नाडी बघायचे, पुढच्या खाटेकडे जायचे.

डॉक्टर लोकांना ते आवडायचं नाही. आपल्या पेशंटजवळ दुसरा डॉक्टर उभा असला की कुणालाही वाटतं, हा काय आपली चूक काढायला आलाय का. अधीक्षकांकडे तक्रार गेली. अधीक्षकांनी मेमो दिला की आपण कामाच्या वेळेत खोली सोडून फिरताना आढळलात, लेखी खुलासा करावा. सरांनी खुलासा दिला. मी स्वतः वाचला, कारण पोचवायला मलाच पाठवलं. त्यात लिहिलं होतं, ‘फिरलो. खाट क्रमांक सात. अपेंडिक्स फुटण्याच्या बेतात होते.’ खाली सही. अधीक्षकांनी तो फाइलला लावला आणि पुन्हा कधी मेमो काढला नाही.

पोटाची तपासणी करताना पेशंटला श्वास घेऊन धरायला सांगावं लागतं, म्हणजे यकृत खाली येतं आणि त्याच्या मागची पित्ताची पिशवी नीट दिसते. शहरात ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं की लोक घेतात. आमच्याकडे म्हटलं की माणूस आधी डॉक्टरकडे बघतो, मग माझ्याकडे, मग पोट आत ओढतो. पहिलं वर्ष सरांनी हातवारे करून काढलं. मग एक दिवस त्यांनाच सुचलं. म्हणाले, “बोडीत बुडी मारा.” आमच्या धानाच्या मुलखात गावोगाव बोड्या, म्हणजे लहान तळी. बुडी न मारलेलं माणूस सापडायचं नाही. त्या दिवसापासून मशीनवर पिशव्या लख्ख दिसायला लागल्या.

त्यात एक घोटाळा झाला. एक म्हातारे ढिवरभाऊ आले होते, जन्मभर मासे धरलेले. सर म्हणाले, “भाऊ, बुडी मारा.” भाऊंनी मारली. सरांना पिशवीत बारीक बारीक खडे दिसले, ते मोजायच्या नादात त्यांनी जगाचं भान सोडलं. सात, आठ, नऊ. मी म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघते तर ते जांभळं पडायला लागलेलं. मी ओरडले, “सर, अहो सोडा म्हणा त्यांना!” सर दचकून म्हणाले, “सोडा, सोडा.” भाऊंनी सावकाश श्वास सोडला. मी म्हटलं, “अहो भाऊ, मरून जाता ना! काऊन सोडला नाई?” ते म्हणाले, “सायेबानं वर ये म्हनलंच नाई.” त्यानंतर कित्येक दिवस बुडी मारायला लावली की सर आधी घड्याळ बघायचे.

आणि अंगठ्याची गोष्ट. पित्ताची पिशवी सुजली असेल तर मशीनचा दांडा तिच्यावर दाबला की माणूस कळवळतो. कळवळला की समजायचं, दुखणं तिथंच आहे. पुस्तकात तसंच आहे म्हणे. पण जंगलातल्या बाया कळवळायच्याच नाहीत. आठ महिन्यांच्या पोटानं मोहफुलं वेचणाऱ्या बाया त्या. दाबलं की छताकडे बघायच्या. “दुखते का बाई?” “नाई.” तोंडावर रेघ हलायची नाही. सर बघून बघून थकले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की बाई तोंड आवरते, हात आवरते, पण पायाचा अंगठा तिच्या ऐकण्यात नसतो. तो वळतो. पण सरांचे डोळे मशीनवर, पाय दिसणार कसे? म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी पायाशी उभी राहून अंगठा हलकेच धरायची. सर दाबायचे आणि विचारायचे, “सिस्टर?” अंगठा वळला की मी म्हणायची, “हो.” नाही वळला तर, “नाही.” रिपोर्टात सर ते इमानदारीनं लिहायचे.

साताऱ्याकडचे एक तरुण सर्जन आमच्याकडे आले, डॉक्टर शिंदे. हुशार, हात हलका, पण नवीन. पहिल्याच आठवड्यात ते रिपोर्ट घेऊन आमच्या खोलीत आले. “सर, हे काय लिहिलंय? अंगठा हो?” सर म्हणाले, “हो.” “कुणाचा अंगठा?” “पेशंटचा.” शिंदे डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “मी धरते.” ते तसेच परत गेले. पण पुढच्या दोन ऑपरेशनांत अंगठा बरोबर निघाला, तेव्हापासून तेच विचारायचे, “सिस्टर, अंगठा काय म्हणतो?” मला तर बढती मिळाल्यासारखं झालं होतं. त्या अंगठ्यावर माझा सरांपेक्षा जास्त विश्वास बसला, आणि घात तिथंच झाला.

सोमीबाई आली तेव्हा मे लागला होता. धानोऱ्याच्या पलीकडचं जंगलातलं गाव, चाळिशीची गोंड बाई, अंगानं काटक. सोबत नवरा लालसू. पोट दुखून दोन दिवस झाले होते, उलट्या चालू, अंगात ताप. सरांनी बघितलं. पिशवीच्या तोंडाशी खडा अडकलेला. पिशवीची भिंत तीन मिलिमीटरच्या आत असावी लागते, तिची सहा होती. सरांनी दाबलं, बाई छताकडे बघत राहिली, आणि अंगठा माझ्या हातात असा वळला की मलाच कळ आली. “हो सर,” मी म्हटलं. शिंदे डॉक्टरांनी सलाईन, इंजेक्शनं सुरू केली. ऑपरेशन करायचं ठरलं, पण भूल देणारे डॉक्टर बाहेरून यायचे आणि त्यांचा दिवस सोमवार. तो शनिवार होता. शिंदे म्हणाले, इंजेक्शनांनी सूज उतरेल, सोमवारी करू.

रविवारी सकाळी दुखणं थांबलं.

मी रविवारच्या ड्यूटीला वॉर्डात आले तर बाई खाटेवर बसलेली. म्हणाली, “आता नाई दुखत मले.” मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, “बरी झालीस वं बाई! आता काय, जाशील घरी.” हे वाक्य मी बोलले. दुसऱ्या कुणी नाही. ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

रविवार असूनही सर आले होते, नेहमीसारखे ताडून बघायला. मी दारातच सांगितलं, “सर, सोमीबाईचं दुखणं थांबलं.” त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, “एकदम?” मी म्हटलं, “एकदम.” त्यांनी नाडी बघितली आणि म्हणाले, “खोली उघडा.”

बाई कुरकुर करत चालत आली. मी जेली लावली आणि जाऊन अंगठा धरला. सरांनी दांडा टेकवला, दाबला, आणखी दाबला. “सिस्टर?” मी खुशीत म्हटलं, “नाही सर. अजिबात नाही.” मशीनचा पडदा माझ्याकडे वळवून त्यांनी बोट ठेवलं. अकरा वर्षांत मलाही थोडंफार दिसायला लागलं होतं. काल पिशवीची कड जाड होती, पण अखंड होती. आज ती ठिकठिकाणी तुटली होती, थराथरांची झाली होती. आत पातळ सालीसारखं काहीतरी सुटून तरंगत होतं, आणि पिशवीच्या बाहेर पाण्याची काळी रेघ होती. “भिंत मरून राहिली आहे,” सर म्हणाले. सर मनातून हादरले की चिमूरची बोली वर यायची. “मेलेल्या जागेला दुखत नाही, सिस्टर. म्हणून अंगठा हलला नाही.”

माझ्या हातात अजून अंगठा होता. मी तो सोडून दिला.

बाईला वॉर्डात पोचवून सर शिंदे डॉक्टरांकडे गेले. रिपोर्ट लिहिलाच नाही, स्वतः गेले. शिंदे म्हणाले, पोट मऊ आहे, ताप उतरलाय, दुखत नाही, मग घाई कशाला? सर म्हणाले, “नाडी एकशे दहा आहे.” शिंदे म्हणाले, मग गडचिरोलीला पाठवू. सर म्हणाले, “ती पुढे जाणार नाही. इथपर्यंत आली हेच पुष्कळ.” असं अर्धा तास चाललं. शेवटी शिंदे आमच्या खोलीत आले, पडद्यावरची चित्रं पाहिली. मग भूलवाल्या डॉक्टरांना फोन लावला. रविवार म्हणून ते आधी कावले, मग म्हणाले, संध्याकाळी पाचला पोचतो.

आम्ही तिघं वॉर्डात सांगायला गेलो. खाट रिकामी होती. सलाईनची नळी नीट गुंडाळून उशाशी ठेवली होती. शेजारची म्हातारी म्हणाली, “गेले ना ते. मोटार होती अकराची. पत्ता चालू हाये ना बाई.”

तेंदूपत्त्याचे दिवस आमच्याकडे फार थोडे. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, घरी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी विकायचे. वर्षाचं मीठ-मिरची, लेकरांचे कपडे त्यातच. दुखत असलेलं माणूससुद्धा त्या दिवसांत खाटेवर टिकत नाही, आणि हिला तर मी स्वतः बरी झालीस म्हणून सांगितलं होतं. मी भिंतीला टेकून रडायला लागले. शिंदे डॉक्टर फोन करत सुटले. अॅम्ब्युलन्स बाळंतिणीला घेऊन गेली होती, गावात फोनला रेंज नव्हती. सर म्हणाले, “सिस्टर, पाण्याची बाटली घ्या. चला.”

सरांची जुनी छोटी गाडी होती. ती ते कधी चाळीसच्या वर न्यायचे नाहीत. त्या दिवशीही नेली नाही. मी म्हटलं, “सर, अहो जरा दाबा ना!” तर म्हणाले, “गाडी उलटली तर तिला कोण आणेल?” मी कपाळावर हात मारून घेतला. वरून ऊन, खाली फुफाटा, आणि हा माणूस स्वेटर घालून बैलगाडीच्या मागे हॉर्न न वाजवता चाललेला. मी मनात शिव्या मोजत होते.

गावात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. सोमीबाई अंगणात मांडवाखाली बसून पुडे बांधत होती. शेजारी लालसू, पलीकडे तिचा म्हातारा सासरा, खुंट्याला एक बैल. आम्हाला बघून ती उठलीही नाही. मी कपाळाला हात लावला तर चांगलंच तापलेलं.

“काऊन आलास?” तिनं सरांना विचारलं. ती सगळ्यांना अरेतुरेच करायची, अधीक्षकांनासुद्धा.

“तुम्हाला न्यायला,” सर म्हणाले.

“दुखत नाई मले.”

“माहीत आहे. म्हणूनच आलो.”

मग सर जमिनीवर बसले आणि समजावायला लागले. अरे देवा! जन्मात न बोललेला माणूस तो. म्हणाले, “भिंत नऊ मिलिमीटर झाली आहे. आणि सलग नाही.” कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. लालसू म्हणाला, “मशीन आन इथी. दाखव आमाले.” सर म्हणाले, “मशीन खोलीबाहेर आणता येत नाही. कायदा आहे.” लालसू म्हणाला, “मंग तू काऊन आलास?” आजूबाजूची पोरंबाळं हसली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “सोमीबाई, मरशील वं! चल गाडीत बस मुकाट्यानं.” तिनं पुडा बांधता बांधता माझ्याकडे बघितलं. “सकाळी तूच तं सांगतलं, बरी झाली मनून.” मी म्हटलं, “चुकलं माझं. मले कळलं नाई. मी जेली लावणारी बाई, मले काय कळते? यानले कळते, तं हे चाळीस कोस आले ना उन्हात!” कोस कमी होते, पण मला भान नव्हतं. तिनं दुसरा पुडा घेतला.

म्हातारा सासरा इतका वेळ बिडी ओढत होता. त्यानं सरांना विचारलं, “काल दुखत होता?”

“हो.”

“आज तू दाबलास, तं हाललीच नाई?”

“नाही.”

म्हातारा बैलाकडे बघत म्हणाला, “बैलाच्या खांद्याले जू लागून जखम झाली, का माशी बसली तं कातडं थरथरते. एक दिवस माशी बसते अन् कातडं हालतच नाई.” त्यानं बिडी विझवली. “ते कातडं मेलं राहते. मंग किडे पडतात.”

सर म्हणाले, “बरोबर. तसंच.” आणि मी पाहिलं, सरांच्या चेहऱ्यावर हेवा होता. इतकं सोपं सांगता येतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

म्हातारा सुनेला गोंडीत काहीतरी बोलला. लांबलचक नाही, दोनच वाक्यं. लालसू उठला आणि अंगावर टॉवेल टाकला. सोमीबाईनं हातातला पुडा बांधून पुरा केला, मग पानांचा एक ढीग लुगड्याच्या ओच्यात भरला आणि तशीच गाडीत येऊन बसली. रस्ताभर ती मागे पुडे बांधत होती आणि सरांशी एक शब्द बोलली नाही. अर्ध्या वाटेत तिला थंडी भरली. हातातली पानं खाली पडायला लागली. सरांनी गाडी थांबवली, स्वेटर काढून मागे दिला आणि त्या दिवशी पहिल्यांदा चाळीसच्या वर नेली.

साडेपाचला पोचलो. सहाला बाई टेबलावर. सर ऑपरेशनच्या खोलीत गेले नाहीत, बाहेर बाकावर बसले. सदऱ्यावर घाम, हात मांडीखाली दाबलेले. मी चहा आणून दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला. म्हणाले, “सिस्टर, काल संध्याकाळी मी आलो असतो तर?” मी म्हटलं, “काल तुमची आई आजारी होती ना सर, तुम्ही चिमूरला गेला होता.” म्हणाले, “तेच.” मी पण शेजारी बसले. पुष्कळ वेळानं शिंदे डॉक्टर मास्क खाली ओढत बाहेर आले. त्यांच्या हातात ट्रे होता. पिशवी काळी पडली होती, एका बाजूनं ओल्या कागदासारखी. “हात लावताच फाटली,” ते म्हणाले. “उद्या केलं असतं तर...” सरांनी खिशातून छोटी पट्टी काढून भिंत मोजली. साडेनऊ. म्हणाले, “मी नऊ म्हटलं होतं,” आणि खरंच नाराज झाले. मग विचारलं, “बाई?” शिंदे म्हणाले, “आहे. पण चार दिवस सांगता येणार नाही.”

ते चार दिवस वाईट गेले. दुसऱ्या दिवशी ताप चढला, तिसऱ्या दिवशी तिनं कुणाला ओळखलं नाही. लालसू खाटेखाली झोपायचा, पत्त्याचं नाव काढायचा नाही. शिंदे डॉक्टर घरी गेलेच नाहीत. सर सकाळ, दुपार, संध्याकाळ येऊन खाटेपाशी उभे राहायचे. विचारायला कुणी शुद्धीवर नव्हतं, तरी यायचे. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे सांगत नाही, अजून अर्धं फेडायचं राहिलंय.

पाचव्या दिवशी ताप उतरला. या वेळी कुणी खूश झालं नाही. सगळे आधी सरांच्या तोंडाकडे बघायचे. त्यांनी खोलीत नेऊन तपासलं आणि म्हणाले, “आज काही दिसलं नाही.” शिंदे डॉक्टर व्हरांड्यात जाऊन रडले. मी बघितलं नाही असं दाखवलं.

सरांच्या बदलीचा आदेश त्याच आठवड्यात आला. त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, आईच्या आजारपणासाठी त्यांनीच कधीचा अर्ज दिला होता. शनिवारी त्यांचा शेवटचा दिवस. हार-नारळाचा कार्यक्रम आटोपला, अधीक्षक बोलले, सरांना बोला म्हटलं तर ते म्हणाले, “धन्यवाद.” मग हार टेबलावर ठेवून ते वॉर्डात गेले. मी मागोमाग गेले.

सोमीबाई उशीला टेकून बसली होती. गालफडं बसलेली, हातांच्या काड्या झालेल्या. सर खाटेपाशी जाऊन उभे राहिले. तोंड उघडणार, तेवढ्यात तीच सुरू झाली. काय तो आवाज! आठ दिवसांत असा पहिल्यांदाच ऐकला. “आलास? आता काऊन आलास? पत्ता गेला माह्या! सारा पत्ता गेला! गावातले सारे तोडून राह्यले अन् मी इथी पडून हाये! चांगली बसली होती घरी, दुखत नवतं काई नवतं, तू आनलास मले उचलून! पोट फाडलास! पोरीले लुगडं घ्याचं होतं, आता काय घेऊ? तुह्या मशीनले काय, ते बसून राहते थंड्या खोलीत! मले काय देतस आता? बोल ना! काऊन बोलत नाईस?”

लालसू लाजून तिला गप्प करायला उठला. शिंदे डॉक्टर दारातून धावत आले. सरांनी हात वर करून दोघांना थांबवलं. मान खाली घालून, शाळेत उभा केलेल्या पोरासारखे ते ऐकत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. बोलून बोलून तिला दम लागला, ती थांबली, एक मोठा श्वास घेतला, आणि त्या श्वासाबरोबर टाके घातलेलं पोट फुगलं आणि खाली बसलं.

“चुकलं बाई,” सर म्हणाले. “बोला. अजून बोला.”